मोबदल्याची पद्धत बदलली की उपचार का बदलतात?

सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याने शिळेवर कोरून घेतलेल्या कायद्यांत वैद्यांच्या मोबदल्याचे दरही आढळतात. गंभीर जखमेवर शस्त्रक्रिया करून रुग्णाला वाचवणाऱ्या वैद्याला, रुग्ण उच्चकुलीन असेल तर १० शेकेल चांदी, सामान्य नागरिक असेल तर ५ शेकेल आणि गुलाम असेल तर मालकाकडून २ शेकेल मिळावेत, असे त्यात म्हटले आहे. उच्चकुलीन रुग्ण शस्त्रक्रियेत दगावला तर मात्र वैद्याचे हात तोडावेत, अशीही तरतूद आहे. या कायद्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी किती झाली असेल हा इतिहासकारांचा विषय; परंतु क्षणभर त्या वैद्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले, तर जखम किरकोळ असलेल्या श्रीमंताकडे तो धावत जाईल आणि मरणासन्न श्रीमंताच्या घरी जायचे काहीतरी निमित्त काढून टाळेल, हे समजायला अर्थशास्त्राचे शिक्षण लागत नाही. रुग्णाच्या रक्षणासाठी केलेला नियम सर्वांत गरजू रुग्णापासूनच वैद्याला दूर ठेवू शकतो.

डॉक्टरांना पैसे कोण देतो, कशाबद्दल देतो आणि केव्हा देतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी तपासणीच्या खोलीत घडणाऱ्या गोष्टींना वळण मिळते. या विषयावरची चर्चा बहुधा ‘डॉक्टर लोभी झाले आहेत’ आणि ‘डॉक्टरांवर उगाच संशय घेतला जातो’ या दोन टोकांवर अडकून पडते. गेल्या साठ वर्षांतील आरोग्य-अर्थशास्त्राचे संशोधन या दोहोंपेक्षा वेगळे आणि अधिक उपयोगी असे काही सांगते. आर्थिक प्रेरणेचा परिणाम दिसण्यासाठी माणूस वाईट असावा लागत नाही. प्रामाणिक डॉक्टरांचे निर्णयही मोबदल्याच्या पद्धतीनुसार सरकतात, आणि ते कोणत्या दिशेने सरकतील याचा अंदाज बऱ्याच अंशी आधीच बांधता येतो.

वैद्यकीय सेवा इतर सेवांपेक्षा वेगळी का?

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली लिहिलेल्या एका निबंधापासून या विषयाचा आधुनिक अभ्यास सुरू झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यांचा मूळ मुद्दा साधा होता. बाजारात आपण एखादी वस्तू घेतो तेव्हा आपल्याला काय हवे आहे हे ठाऊक असते आणि घेतलेली वस्तू चांगली निघाली की नाही, हेही यथावकाश कळते. आजारपणात या दोन्ही गोष्टी गळून पडतात. आजार केव्हा येईल हे ठाऊक नसते, कोणता उपचार लागेल हे डॉक्टरच सांगतात, तो उपचार करतातही तेच आणि बऱ्याचदा तो पुरेसा झाला की नाही हेही तेच ठरवतात. विकणाऱ्यानेच खरेदीदाराची गरज ठरवायची, असा हा व्यवहार आहे.

एवढ्यावर भागत नाही. बरे वाटले म्हणजे उपचार योग्य होता, असे सिद्ध होत नाही, कारण बरेचसे आजार आपोआप बरे होतात. आणि बरे वाटले नाही म्हणजे उपचार चुकला असेही म्हणता येत नाही, कारण काही आजार उत्तम उपचारांनाही दाद देत नाहीत. ज्या सेवेची गरज आणि गुणवत्ता ग्राहकाला ती घेतल्यानंतरसुद्धा पारखता येत नाही, अशा सेवांचा अर्थशास्त्रात स्वतंत्र गट मानला जातो आणि वैद्यकीय सल्ला हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरात संशोधकांनी याची थेट परीक्षा घेतली. ज्याच्या दातांना कोणत्याही उपचाराची गरज नाही हे आधी तज्ज्ञांकडून निश्चित करून घेतले होते, अशा एकाच व्यक्तीला त्यांनी १८० दंतवैद्यांकडे पाठवले. त्यांपैकी सुमारे २८ टक्के भेटींत अनावश्यक उपचाराची शिफारस झाली. ज्या दवाखान्यांत भेटीची वेळ चटकन मिळत होती, म्हणजे ज्यांच्याकडे रिकामा वेळ अधिक होता, तिथे अशी शिफारस होण्याची शक्यता जास्त होती, ही यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट. याच आकड्याची दुसरी बाजूही विसरू नये: दहापैकी सातांहून अधिक दंतवैद्यांनी, कोणीही पडताळणी करणार नाही अशा स्थितीत, काही करण्याची गरज नाही असेच सांगितले. ॲरो यांच्या विवेचनात या व्यावसायिक नीतिमत्तेला मोठे स्थान आहे. जिथे ग्राहकाला पारखता येत नाही तिथे बाजाराचे नेहमीचे नियम पुरत नाहीत, म्हणून समाज डॉक्टरांकडून व्यापाऱ्यापेक्षा वेगळ्या वर्तनाची अपेक्षा करतो. शपथ, परवाने आणि आचारसंहिता ही त्या अपेक्षेची रूपे आहेत.

संदिग्धतेच्या जागेत पैसा काम करतो

पाय मोडलेला असेल तर त्यावर काय करायचे, याबद्दल मोबदल्याची पद्धत कोणतीही असली तरी फारसे मतभेद होत नाहीत. पैशाचा प्रभाव दिसतो तो जिथे शास्त्र स्वतःच ठामपणे काही सांगत नाही अशा ठिकाणी, आणि वैद्यकशास्त्रात अशा जागा बाहेरच्या माणसाला वाटतात त्यापेक्षा पुष्कळच जास्त आहेत.

१९३८ साली ॲलिसन ग्लोव्हर या ब्रिटिश डॉक्टरांनी शाळकरी मुलांच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रियांचे आकडे मांडले. शेजारशेजारच्या भागांत या शस्त्रक्रियांच्या प्रमाणात प्रचंड फरक होता आणि मुलांच्या प्रकृतीत त्याचे स्पष्टीकरण सापडत नव्हते. एका भागात शाळेचे वैद्यकीय अधिकारी बदलले आणि शस्त्रक्रियांची संख्या झपाट्याने कोसळली. मुले तीच होती, त्यांचे घसेही तेच होते. १९७३ मध्ये जॉन वेनबर्ग आणि ॲलन गिटलसन यांनी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात असाच अभ्यास केला, तेव्हा वेगवेगळ्या भागांतील टॉन्सिल-शस्त्रक्रियांच्या प्रमाणात दहापटींहून अधिक तफावत आढळली. हा सगळा फरक पैशामुळे पडला असे म्हणणे चुकीचे ठरेल. डॉक्टरांचे प्रशिक्षण, सवयी, स्थानिक मतप्रवाह या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. परंतु एकाच रुग्णाबद्दल दोन सुजाण डॉक्टर प्रामाणिकपणे उलट निर्णय घेऊ शकतात, एवढे यातून सिद्ध होते. आणि दोन्ही निर्णय समर्थनीय असतील तेव्हा ज्या बाजूला मोबदला आहे तिकडे तराजू थोडासा झुकतो. झुकवणाऱ्याला ते जाणवतही नाही, कारण त्या बाजूची वैद्यकीय कारणे त्याच्याकडे खरोखरच असतात.

प्रसूतिशास्त्रात याचा बारकाईने अभ्यास झालेला आहे, कारण सिझेरियन करायचे की नैसर्गिक प्रसूतीची वाट पाहायची हा निर्णय कित्येकदा अशा संदिग्ध जागेतच पडतो. १९७० ते १९८२ या काळात अमेरिकेतील जननदर घटला आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचे काम कमी झाले. जोनाथन ग्रूबर आणि मारिया ओविंग्ज या संशोधकांना असे आढळले की ज्या राज्यांत जननदर जास्त घसरला तिथे अधिक मोबदला देणाऱ्या सिझेरियनचे प्रमाण जास्त वाढले. त्या काळातील सिझेरियनच्या वाढीचा हा एक भाग होता, सगळी वाढ यामुळे झाली नाही.

याच प्रश्नाकडे पाहण्याचा आणखी एक चतुर मार्ग म्हणजे रुग्ण स्वतःच डॉक्टर असेल तर काय होते हे तपासणे. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमधील नोंदींच्या आधारे एरिन जॉन्सन आणि मारित रेहावी यांनी २०१६ मध्ये दाखवले की शिक्षण आणि परिस्थिती सारखी असलेल्या इतर मातांच्या तुलनेत डॉक्टर असलेल्या मातांचे सिझेरियन होण्याची शक्यता सुमारे १० टक्क्यांनी कमी असते. रुग्णालयाची आर्थिक प्रेरणा सिझेरियन वाढवणारी आहे की कमी करणारी, यानुसार इतर मातांचे प्रमाण खालीवर होत होते. डॉक्टर मातांच्या बाबतीत मात्र त्याचा फारसा परिणाम दिसत नव्हता. याचा अर्थ असा लावता येतो की प्रश्न विचारू शकणारा, नकार देऊ शकणारा रुग्ण समोर असला की मोबदल्याचा जोर कमी पडतो. माझ्या मते या संपूर्ण विषयातील हा सर्वांत बोलका निष्कर्ष आहे, कारण त्यात समस्या आणि तिच्यावरचा निदान अर्धा उपाय, दोन्ही एकत्र सापडतात.

प्रत्येक पद्धतीचा स्वतःचा कल

डॉक्टरांना पैसे देण्याच्या मुख्य पद्धती तीन-चारच आहेत. पहिली म्हणजे प्रत्येक तपासणी, चाचणी आणि शस्त्रक्रियेमागे वेगळी फी. यात जास्त केले की जास्त मिळते, त्यामुळे कल अधिक उपचारांकडे असतो. ही पद्धत सरसकट वाईट मानण्याची फॅशन आहे, पण पुरावा तितका एकतर्फी नाही. अमेरिकेतील एका बालरोग विभागात शिकाऊ डॉक्टरांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. एका गटाला ठरावीक पगार आणि दुसऱ्याला प्रत्येक भेटीमागे फी. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार फी मिळणाऱ्यांनी मुलांना अधिक वेळा बोलावले, काही वेळा गरजेपेक्षाही जास्त. परंतु त्यांच्याकडे आलेल्या मुलांना दरवेळी तोच ओळखीचा डॉक्टर भेटण्याचे प्रमाणही अधिक होते आणि आपत्कालीन विभागात जाण्याची वेळ त्यांच्यावर कमी वेळा आली. पैसे भेटीमागे मिळत असतील तर डॉक्टर भेटायला उपलब्ध असतो, ही गोष्ट रुग्णाच्या दृष्टीने क्षुल्लक नाही.

दुसरी पद्धत पगाराची. इथे जास्त करण्याचा मोह संपतो, पण जास्त कष्ट घेण्याचे आर्थिक कारणही संपते. मध्य प्रदेशात प्रशिक्षित ‘नकली रुग्ण’ पाठवून जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात तेच डॉक्टर सरकारी दवाखान्यापेक्षा आपल्या खासगी दवाखान्यात रुग्णाला अधिक वेळ देतात, अधिक प्रश्न विचारतात आणि अचूक उपचारही अधिक वेळा देतात, असे दिसून आले. अनावश्यक औषधे मात्र दोन्हीकडे दिली जात होती.

तिसऱ्या पद्धतीत डॉक्टरांच्या यादीत नाव असलेल्या प्रत्येक माणसामागे वर्षाला ठरावीक रक्कम मिळते, मग तो माणूस दवाखान्यात एकदा येवो, वीसदा येवो किंवा अजिबात न येवो. ब्रिटनमधील कुटुंब-डॉक्टरांच्या उत्पन्नाचा मोठा भाग दीर्घकाळ अशा रीतीने येत आला आहे. यात लोकांना निरोगी ठेवणे डॉक्टरांच्या फायद्याचे ठरते, हे या पद्धतीचे आकर्षण. तिची दुसरी बाजू अशी की भेट लवकर आटोपणे, अवघड रुग्ण पुढच्या तज्ज्ञाकडे धाडणे आणि शक्य असेल तर आजारी माणसे यादीत येऊच न देणे, हेही फायद्याचे ठरते. १९९० च्या दशकात अमेरिकेत खर्च आवरणाऱ्या विमा योजनांविरुद्ध जो जनक्षोभ उसळला, त्याच्या मुळाशी हीच भीती होती. आपल्याला न सुचवलेला उपचार महाग होता म्हणून सुचवला गेला नाही, हे रुग्णाला कळणार कसे? जास्त उपचार झाले तर निदान बिल तरी दिसते. न झालेल्या उपचाराची कुठेच नोंद नसते. म्हणूनच या दोन कलांपैकी दुसरा ओळखायला अधिक कठीण असतो, आणि त्यावर लिहिलेही कमी जाते.

रुग्णालयांसाठी चौथी पद्धत प्रचलित आहे: आजाराच्या गटानुसार एकच ठरावीक रक्कम. अमेरिकेतील ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या मेडिकेअर योजनेने १९८३ पासून ती लागू केली आणि नंतर जगभर तिच्या आवृत्त्या पसरल्या. पूर्वी रुग्ण जितके दिवस राहील तितके रुग्णालयाचे उत्पन्न वाढत असे. आता प्रत्येक जास्तीचा दिवस तोट्यात जाऊ लागला. अपेक्षेप्रमाणे रुग्णालयातील मुक्काम कमी झाले. मृत्यूंचे प्रमाण वाढले नाही, परंतु प्रकृती पुरती स्थिरावण्याआधीच घरी पाठवलेल्या रुग्णांचे प्रमाण वाढल्याचे पुढील अभ्यासांत दिसले.

त्याहून मजेशीर परिणाम कागदोपत्री झाला. याच योजनेत १९८८ साली ‘गुंतागुंतीसह’ आणि ‘गुंतागुंतीविना’ अशा आजारगटांच्या दरांतील अंतर बदलले. लीमोर डॅफनी यांच्या अभ्यासानुसार जिथे वरच्या गटाचा दर अधिक आकर्षक झाला, तिथे अधिक रुग्ण वरच्या गटात नोंदवले जाऊ लागले. त्या रुग्णांना मिळणाऱ्या उपचारांत मात्र तसा बदल आढळला नाही. म्हणजे दर वाढला तेव्हा सेवा तशीच राहिली आणि नोंद तेवढी बदलली. आरोग्य धोरण ठरवणाऱ्यांनी हे उदाहरण टेबलावर कायम ठेवावे, असे मला वाटते.

औषध लिहिणारा आणि विकणारा एकच असेल तर

औषधांच्या बाबतीत कल सर्वांत सरळ दिसतो. चीनमध्ये सार्वजनिक रुग्णालयांना औषधांच्या विक्रीवर ठरावीक नफा घेण्याची मुभा अनेक दशके होती आणि रुग्णालयांच्या उत्पन्नाचा तो महत्त्वाचा आधार होता. जॅनेट करी, वानचुआन लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे सर्दीसारखी किरकोळ लक्षणे सांगणारे प्रशिक्षित रुग्ण पाठवले. औषध मी बाहेरच्या दुकानातून घेणार आहे, असे रुग्णाने सूचित केले की प्रतिजैविके लिहिण्याचे प्रमाण बरेच घटत असे. रुग्णांना प्रतिजैविकेच हवी असतात म्हणून आम्ही लिहितो, हे डॉक्टरांचे नेहमीचे स्पष्टीकरण अशा प्रयोगापुढे टिकत नाही. चीनने २००९ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०१७ पर्यंत सर्वत्र हा नफा बंद केला.

दक्षिण कोरियाने २००० साली औषध लिहिणे आणि विकणे ही दोन कामे कायद्याने वेगळी केली. डॉक्टरांनी देशव्यापी संप केले आणि सरकारला तपासणीचे दर वाढवून द्यावे लागले. विषाणूजन्य आजारांत, म्हणजे जिथे प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही तिथे, ती लिहिण्याचे प्रमाण त्यानंतर कमी झाले, पण तरीही चढेच राहिले. आर्थिक कारण काढून घेतले म्हणून वर्षानुवर्षांची सवय लगेच जात नाही, आणि त्या सवयीत रुग्णांचाही वाटा असतो.

उत्पन्न कापले की अनावश्यक वापरही कमी होतो, हे गृहीतकही तपासून घ्यावे लागते. अमेरिकेत कर्करोगतज्ज्ञ आपल्या दवाखान्यात दिलेल्या औषधांवर मोठा नफा मिळवत असत. २००३ च्या कायद्यानुसार २००५ पासून हा नफा सरासरी विक्री-किमतीच्या वर ६ टक्क्यांपर्यंत आणला गेला. केमोथेरपी कमी होईल ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांत ती देण्याचे प्रमाण किंचित वाढले आणि डॉक्टर तुलनेने महाग औषधांकडे वळले. यात गूढ काही नाही. टक्केवारीने मिळणारा नफा महाग औषधावर मोठा असतो. आणि प्रत्येक रुग्णामागचे उत्पन्न घटले की दवाखाना चालवण्यासाठी रुग्ण अधिक लागतात.

भेटी, कट आणि जाहीर करण्याची मर्यादा

रुग्ण पुढे पाठवल्याबद्दल तज्ज्ञाकडून किंवा प्रयोगशाळेकडून मिळणारा ‘कट’ हा यातला सर्वांत उघड प्रकार. तो बहुतेक देशांत निषिद्ध आहे आणि त्याचे समर्थन कोणी करत नाही, म्हणून त्यावर इथे अधिक लिहीत नाही. औषध कंपन्यांकडून मिळणाऱ्या छोट्या भेटी हा अधिक गुंतागुंतीचा विषय आहे. अमेरिकेत २०१० च्या कायद्यानुसार कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या रकमा आणि वस्तू, अगदी किरकोळ वगळता, जाहीर कराव्या लागतात आणि २०१४ पासून ही माहिती सर्वांना पाहता येते. त्या नोंदींवर आधारित २०१६ च्या एका अभ्यासात, कंपनीने दिलेले एखादेच जेवण घेतलेले डॉक्टरही त्या कंपनीचे औषध इतरांपेक्षा अधिक वेळा लिहितात असे आढळले. जेवणामुळेच औषध लिहिले गेले, असे यातून सिद्ध होत नाही, कारण आधीपासून ते औषध पसंत असलेल्यांनाच जेवणाचे आमंत्रण गेलेले असू शकते. तरीही इतक्या छोट्या गोष्टीने आपण बदलत नाही, ही डॉक्टरांची खात्री ऐकताना कंपन्या हा खर्च वर्षानुवर्षे का करत आल्या असतील, हा प्रश्न मनात येतोच.

सगळे जाहीर केले की प्रश्न सुटतो, असे आपल्याला स्वाभाविकपणे वाटते. डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टाईन आणि डॉन मूर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने त्यावर पाणी पडते. बरणीत किती रकमेची नाणी आहेत याचा अंदाज एका गटाला करायचा होता आणि दुसरा गट त्यांना सल्ला देत होता. सल्लागारांपैकी काहींना अंदाज जितका फुगेल तितका फायदा होणार होता. आपला फायदा आधी जाहीर करणाऱ्या सल्लागारांनी, तो न सांगणाऱ्यांपेक्षाही अधिक फुगवलेले अंदाज दिले. समोरच्याला आता सगळे ठाऊक आहे, म्हणजे आपली जबाबदारी संपली, अशी मोकळीक त्यांना मिळाली असावी. ऐकणाऱ्यांनी सल्ल्यात थोडी वजावट केली, पण पुरेशी नाही. दवाखान्यात यात आणखी एक अडचण भर घालते. डॉक्टरांनी स्वतःहून हितसंबंध सांगितल्यावर त्यांचा सल्ला नाकारणे म्हणजे तोंडावर अविश्वास दाखवणे वाटते, आणि आजारी माणूस ते सहसा करत नाही.

चांगल्या निकालासाठी बक्षीस

मग चांगल्या परिणामांसाठीच पैसे का देऊ नयेत? ब्रिटनने २००४ पासून कुटुंब-डॉक्टरांसाठी अशी मोठी योजना राबवली. रक्तदाब, मधुमेह, दमा अशा आजारांसाठी ठरावीक मोजमापे निश्चित केली आणि ती गाठली की जादा रक्कम दिली. सुरुवातीला मोजलेल्या गोष्टी सुधारल्या. पुढे ती सुधारणा मंदावली, ज्या बाबींवर बक्षीस नव्हते त्यांपैकी काहींची गुणवत्ता खालावली आणि रुग्णाला आपलाच नेहमीचा डॉक्टर भेटण्याचे प्रमाणही घटले. रुग्ण गुडघ्याच्या दुखण्यासाठी आलेला असताना डॉक्टरांचे लक्ष पडद्यावरच्या रक्तदाबाच्या रकान्याकडे असणे, हे अशा योजनेचे अटळ रूप आहे.

न्यूयॉर्क राज्याने १९९० च्या दशकाच्या आरंभी हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यविशारदांचे मृत्युदर जाहीर करायला सुरुवात केली, पेनसिल्व्हेनियानेही तेच केले. मृत्युदर घटले आणि हा प्रयोग यशस्वी झाल्याचे अनेकांनी मानले. परंतु डेव्हिड ड्रॅनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की शस्त्रक्रियांसाठी तुलनेने कमी आजारी रुग्ण निवडले जाऊ लागले होते आणि अधिक आजारी रुग्णांचे परिणाम उलट बिघडले होते. हम्मुराबीच्या वैद्याने जे केले असते तेच हे, फक्त हातांच्या जागी नावलौकिक पणाला लागलेला. आजाराच्या तीव्रतेनुसार आकडे दुरुस्त करण्याची गणिते आहेत आणि ती वर्षागणिक सुधारतही आहेत, पण समोरच्या रुग्णाबद्दल शल्यविशारदाला त्या गणितापेक्षा नेहमीच थोडे अधिक ठाऊक असते.

रुग्णाच्या खिशाचे काय?

आर्थिक प्रेरणा रुग्णालाही असते. अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड संस्थेने काही हजार लोकांना वेगवेगळ्या विमा योजनांत विभागून त्यांच्या वागण्याचा अभ्यास केला. ज्यांना सर्व उपचार मोफत होते त्यांनी, खर्चाचा मोठा वाटा स्वतः उचलणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्के अधिक सेवा वापरल्या. सरासरी माणसाच्या आरोग्यात त्यामुळे फारसा फरक पडला नाही. गरीब आणि उच्च रक्तदाब असलेल्या लोकांना मात्र मोफत उपचारांचा स्पष्ट लाभ झाला. खिशातून पैसे द्यावे लागले की लोक अनावश्यक सेवा टाळतात हे खरे, पण ते आवश्यक सेवाही जवळजवळ तितक्याच प्रमाणात टाळतात, कारण कोणती कोणती हे त्यांना ओळखता येत नाही. या प्रयोगातील एक तपशील आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे. पैसे भरावे लागण्याचा परिणाम मुख्यतः डॉक्टरांकडे जायचे की नाही या निर्णयावर झाला. एकदा दाराच्या आत गेल्यावर पुढे किती खर्च व्हायचा यावर तो फारसा दिसला नाही. आतले निर्णय डॉक्टर घेतात. म्हणून ‘रुग्णाने जागरूक ग्राहक व्हावे’ हा सल्ला देणाऱ्यांनी तो नेमका दाराच्या कोणत्या बाजूला लागू पडतो, हेही सांगायला हवे.

संबंधावर होणारा परिणाम

ऐकून घेणे, समजावून सांगणे, ‘आठ दिवस वाट पाहू या’ असे म्हणणे, चालू असलेले औषध बंद करणे, या कामांना बहुतेक दरपत्रकांत एक तर स्वतंत्र दर नसतो, किंवा असलाच तर चाचणी आणि शस्त्रक्रियेच्या मानाने तो नगण्य असतो. औषध लिहायला एक मिनिट लागते आणि ते का नको हे पटवून द्यायला दहा. त्यामुळे वाट पाहण्यासाठी लागणारा संवादच सर्वांत आधी आखडतो. रुग्णाला हे ‘डॉक्टरांना बोलायला वेळ नाही’ अशा स्वरूपात जाणवते आणि तो त्याचा दोष डॉक्टरांच्या स्वभावाला देतो. विश्वास कमी झालेला रुग्ण माहिती हातचे राखून सांगतो, लिहिलेले औषध अर्धेच घेतो, दुसरीकडे पुन्हा त्याच चाचण्या करतो. डॉक्टरही मग संभाव्य तक्रारीपासून बचाव म्हणून दोन चाचण्या जास्त लिहून ठेवतात, आणि त्या चाचण्या पाहून रुग्णाचा संशय आणखी बळावतो.

आदर्श मोबदला-पद्धत अस्तित्वात नाही, याबद्दल तज्ज्ञांत आता बरेच एकमत आहे. म्हणून अनेक देश काही भाग पगार, काही भाग दरडोई रक्कम आणि काही भाग फी अशी सरमिसळ करतात, म्हणजे एका पद्धतीचा कल दुसरीने थोडा सावरला जातो. रुग्णाच्या हातात एवढी मोठी सूत्रे नसतात. तरीही आपल्या डॉक्टरांना जास्त करण्याबद्दल पैसे मिळतात की कमी करण्याबद्दल, हे साधारण ठाऊक असेल तर कोणता प्रश्न विचारायचा हे ठरवता येते. पहिल्या परिस्थितीत ‘हे आत्ता केले नाही तर काय होईल, आणि थांबून पाहता येईल का?’ हा प्रश्न उपयोगी पडतो. दुसऱ्या परिस्थितीत ‘आणखी कोणते उपचार उपलब्ध आहेत, जे आपण सुचवलेले नाहीत?’ हा. चांगल्या डॉक्टरांना यांपैकी एकाही प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही. मोठ्या, तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी दुसरे मत घ्यायचे असेल, तर ते देणाऱ्याला सुरुवातीलाच सांगावे की शस्त्रक्रिया ठरली तरी ती आपल्याकडे करून घेणार नाही. त्याने सल्ल्यासाठी अधिक फी मागितली तर ती द्यावी, कारण त्याच्याकडून आपण फक्त त्याचे मत विकत घेत असतो.